संदर्भनिर्देशाची शिस्त: ग्रँट डफच्या टिपांपासून प्रकाशे येथील उत्खननाच्या अहवालापर्यंत

शास्त्रीय नियतकालिकाकडे धाडावयाच्या लेखाची प्रत सिद्ध करताना अगदी शेवटी जे काम उरते, ते संदर्भांच्या मांडणीचे होय. ग्रंथकर्त्याचे नाव आधी की आडनाव आधी, प्रकाशनवर्ष कोठे लिहावे, नियतकालिकाचे नाव पूर्ण द्यावे की संक्षेपाने, खंड, अंक आणि पृष्ठे कोणत्या क्रमाने यावीत, इत्यादी बाबी बहुधा कारकुनी समजल्या जातात व त्या घाईने उरकल्या जातात. या समजुतीला इतिहासाचा आधार मात्र नाही. हे नियम संपादकांच्या लहरीतून निर्माण झालेले नसून, संशोधनातील विधान पडताळून पाहण्याचा वाचकाचा अधिकार राखण्यासाठी ते हळूहळू घडत गेले आहेत. महाराष्ट्रात तर या अधिकाराचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच तीव्रतेने उपस्थित झाला होता. त्या इतिहासाचा मागोवा घेऊन, खानदेशातील एका परिचित उदाहरणाच्या आधारे आजच्या पद्धतींचे मर्म तपासणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. हरवलेल्या प्रतींचा धडा

कॅप्टन जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडन येथे तीन खंडांत प्रसिद्ध झाला. सातारा येथील आपल्या अधिकारकाळात त्याने बखरी, पत्रे, सनदा व हिशेबाचे कागद मोठ्या प्रमाणावर मिळविले होते. ग्रंथाच्या तळटिपांत त्याने आपल्या आधारांचा निर्देश केला, आणि काही हस्तलिखितांच्या प्रती आपण मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेविल्या आहेत, असेही नमूद केले. त्या काळाच्या मानाने ही गोष्ट प्रशंसनीय होती. ग्रंथकाराने केवळ 'एका बखरीत असे म्हटले आहे' एवढ्यावर न थांबता, ती बखर कोठे पाहावयास मिळेल हेही सांगितले होते.

पुढे मात्र या प्रती अभ्यासकांच्या हाती लागेनात. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफच्या इतिहासावरील आपली टीका १८६७ साली पुण्यात वाचली व पुढील वर्षी ती 'विविधज्ञानविस्तारा'तून प्रसिद्ध झाली. त्या काळापासून मूळ साधनांचा प्रश्न मराठी विद्वानांच्या मनात घर करून राहिला. ग्रँट डफने कागदपत्र जाळून टाकले, असा प्रवादही पसरला. प्रवाद हा पुरावा नव्हे. आणि त्याने पाहिलेल्यांपैकी काही बखरी पुढे अन्यत्र उपलब्ध झाल्या, हेही खरे. तथापि, या प्रकरणातून निघणारा निष्कर्ष त्या प्रवादाच्या खरेखोटेपणावर अवलंबून नाही. ज्या संदर्भाच्या टोकाशी कागद सापडत नाही, तो संदर्भ वाचकाला पुराव्यापर्यंत पोहोचवीत नाही. ग्रंथकाराच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास तेवढा सांगतो. एका परक्या अधिकाऱ्याने लिहिलेला इतिहास दीर्घकाळ प्रमाण मानला जात होता, आणि तो खोडावयाचा किंवा स्वीकारावयाचा तर ज्या कागदांची गरज होती, तेच कागद हाती नव्हते. संदर्भनिर्देश ही त्या पिढीच्या दृष्टीने शोभेची बाब नव्हती, हे यावरून ध्यानात यावे.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. ग्रँट डफने टिपा दिल्याच नसत्या, तर कोणते कागद शोधावयाचे हेही पुढील अभ्यासकांना कळले नसते. अपुरा का होईना, पण निर्देश केलेला असल्यामुळेच उणीव उघडकीस आली. चांगला संदर्भ लेखकाच्या विधानाला पुष्टी देतो, तसाच त्याच्या चुकीचा शोधही सुलभ करतो.

२. लेखांकाची युक्ती

या उणिवेला मराठी संशोधकांनी दिलेले उत्तर सरळ होते: मूळ कागदच छापून काढावयाचे. १८७८ मध्ये सुरू झालेल्या 'काव्येतिहाससंग्रहा'ने या कार्याचा पाया घातला. वासुदेवशास्त्री खरे यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह', दत्तात्रय बळवंत पारसनीस यांची नियतकालिके आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे बावीस खंड यांनी त्यावर इमारत उभी केली. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. १७५० ते १७६१ या कालखंडातील पत्रव्यवहार त्यात आहे. समकालीन अस्सल कागद हा मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा अधिक विश्वसनीय मानावयाचा, हे तत्त्व त्यांनी विस्तृत प्रस्तावनेतून आग्रहाने मांडले.

या खंडांचे संदर्भदृष्ट्या वैशिष्ट्य असे की, प्रत्येक कागदास 'लेखांक' म्हणजे स्वतंत्र क्रमांक देण्यात आला. राजवाड्यांचे खंड निरनिराळ्या ठिकाणी व निरनिराळ्या मुद्रणालयांतून निघाले. त्यांचा क्रम कालानुक्रमाशी जुळतोच असे नाही. अशा स्थितीत केवळ पृष्ठांक देणे अपुरे ठरले असते. 'राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक' असा निर्देश केला की अभ्यासक नेमक्या त्या पत्रापर्यंत पोहोचतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' पंचेचाळीस खंडांत संपादिले, तेव्हाही पत्रांना क्रमांक देण्याची हीच रीत उपयोगी पडली.

राजवाड्यांच्याच लेखनावरून या युक्तीचे महत्त्व पुन्हा प्रत्ययास येते. साधनखंडांतील त्यांच्या प्रस्तावना १९२८ मध्ये 'ऐतिहासिक प्रस्तावना' या नावाने एकत्र छापल्या गेल्या, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांचे समग्र साहित्य प्रसिद्ध केले. त्यामुळे एकाच वाक्याला आता एकाहून अधिक पृष्ठांक आहेत. 'राजवाडे, पृ. ४०' एवढाच निर्देश करणारा लेखक वाचकाला तीन ग्रंथांच्या दारांशी उभे करून निघून जातो. कोणती आवृत्ती वापरली हे सांगणे, आणि शक्य तेथे आवृत्तीनुसार न बदलणारा अंक देणे, हा नियम येथूनच निष्पन्न होतो.

कालनिर्देशाच्या बाबतीतही हीच दक्षता लागते. मराठी कागदांतील शक, शुहूर सन, फसली सन आणि हिजरी सन यांची इसवी सनाशी सांगड घालताना वर्षारंभ ध्यानात घ्यावा लागतो. शकात ७८ किंवा ७९, शुहूर सनात ५९९ किंवा ६००, आणि दक्षिणेतील फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. कोणता आकडा घ्यावयाचा हे महिना व तिथी यांवर ठरते. म्हणून मूळ कागदातील मिती आहे तशी द्यावी व शेजारी इसवी तारीख मांडावी, ही पद्धत श्रेयस्कर होय. केवळ रूपांतरित तारीख दिल्यास रूपांतरातील चूक कायमची झाकली जाते.

राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निवर्तले आणि १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचा संग्रह तेथे जतन करण्यात आला. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या पुढाकाराने याच नगरात समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचाही संग्रह झाला. अशा संग्रहांत 'बाड' हा एकक असतो: एका बाडात अनेक प्रकरणे, अनेक हातांची अक्षरे व अनेक काळांची पाने एकत्र बांधलेली असतात. केवळ बाडाचा क्रमांक देऊन भागत नाही; पानाचा क्रमांक आणि पानाची बाजूही द्यावी लागते. खानदेशातील विद्यार्थ्याला संदर्भनिर्देशाचे पहिले धडे घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही, ते यामुळेच.

३. शास्त्रीय नियतकालिकांतील दोन पद्धती

निसर्गविज्ञानांत प्रश्नाचे स्वरूप थोडे निराळे होते. तेथे दुर्मिळ कागदाचा शोध घेण्यापेक्षा, वेगाने वाढणाऱ्या मुद्रित वाङ्मयातून नेमका निबंध हुडकणे अधिक महत्त्वाचे ठरले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' १६६५ मध्ये सुरू झाले, तेव्हा पूर्वसूरींचा उल्लेख लेखाच्या ओघात करण्याची चाल होती. वाङ्मय वाढले तशी ती चाल अपुरी पडू लागली. १८८१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क याने गोगलगाईच्या जातीच्या एका प्राण्यावरील आपल्या निबंधात ग्रंथकाराचे नाव व वर्ष कंसात देण्याची रीत अवलंबिली. कर्तृवर्ष पद्धतीचा, म्हणजेच पुढे 'हार्वर्ड' म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्धतीचा, उगम येथे मानला जातो. दुसरी पद्धत अनुक्रमांकाची. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची १९७८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे बैठक झाली व तिच्यातून निघालेल्या नियमांमुळे क्रमांक पद्धतीला निश्चित रूप आले.

दोहोंच्या गुणदोषांचा विचार साधनाच्या स्वरूपावरून करावा लागतो. कर्तृवर्ष पद्धतीत वाचकाला विधानाचे वय वाचता वाचताच कळते. ज्या शास्त्रांत मते कालानुसार बदलतात तेथे हा मोठाच लाभ होय. क्रमांक पद्धतीत वाक्याचा ओघ अखंड राहतो व जागा वाचते. परंतु अखेरच्या घटकेला एक संदर्भ मध्ये घातला की पुढील सर्व क्रमांक बदलतात. मराठी निबंधांतील 'तत्रैव' व 'कित्ता' या संक्षेपांचीही हीच गत आहे: दोन टिपांच्या मध्ये तिसरी आली की 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. म्हणून लेखाचे अंतिम स्वरूप ठरेपर्यंत प्रत्येक टीप पूर्ण लिहावी आणि संक्षेप सर्वात शेवटी करावेत, हा जुन्या संपादकांचा दंडक आजही तितकाच सयुक्तिक आहे.

भारतातही या विषयाकडे वेळीच लक्ष दिले गेले होते. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मानक संस्थेच्या प्रलेखनविषयक समितीने नियतकालिकांच्या मांडणीसंबंधी मानके तयार केली. संदर्भनोंदींविषयीचे आयएस २३८१ हे मानक १९६३ सालचे आहे. मराठीपुरते पाहावयाचे तर शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'ने १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित ग्रंथांच्या नोंदी शिस्तीने बांधून दिल्या. पुढील भागाने १९५० पर्यंतचा काळ व्यापिला. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नसलेला तपशील कोठून घ्यावयाचा व कसा दर्शवावयाचा, याचा वस्तुपाठ ज्यास हवा असेल त्याने दात्यांच्या नोंदी पाहाव्यात.

४. प्रकाशे येथील उत्खनन: एका संदर्भाची तीन वर्षे

वरील विवेचन प्रत्यक्षात कसे उतरते, हे पाहण्यासाठी शहादे तालुक्यातील एक उदाहरण घेता येईल. सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले पुरुषोत्तमनगर याच तालुक्यात आहे, आणि तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे हे प्राचीन गावही याच तालुक्यात येते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बा. कृ. थापर यांनी १९५४-५५ च्या हंगामात तेथील पांढरीचे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगापासून पुढील चार कालखंडांचे थर तेथे आढळले. पहिल्या कालखंडाचे दोन उपविभाग करण्यात आले. त्यांतील दुसऱ्यात जोर्वे पद्धतीची व चकचकीत तांबडी मृत्पात्रे मिळाल्यामुळे माळवा, गुजरात आणि दख्खन यांच्यामधील प्राचीन दळणवळणावर प्रकाश पडला.

या कार्याची त्रोटक हकीकत सर्वेक्षणाच्या १९५४-५५ च्या वार्षिक आढाव्यात आली. सविस्तर अहवाल मात्र 'एन्शंट इंडिया' या पत्रिकेच्या २० व २१ या जोडअंकात छापला गेला. त्या अंकावर १९६४ व १९६५ ही वर्षे आहेत. अंक प्रत्यक्षात प्रकाशित झाला १९६७ मध्ये. आणि अहवालाच्या शीर्षकातच उत्खननाचे १९५५ हे वर्ष आहे. एकाच निबंधाचा निर्देश त्यामुळे 'थापर १९५५', 'थापर १९६४-६५' आणि 'थापर १९६७' अशा तीन प्रकारे होऊ शकतो.

यांतील फरक केवळ आकड्यांचा नाही. नाशिक व जोर्वे येथील उत्खननांचा अहवाल १९५५ मध्ये व नेवाशाचा १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. कार्बन-१४ पद्धतीने काढलेल्या तारखाही १९६० नंतरच्या दशकात भारतीय पुरातत्त्वात येऊ लागल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रयोगशाळेचा त्यात मोठा वाटा होता. 'थापर १९५५' असे वाचणाऱ्याची समजूत होईल की, प्रकाश्याचे निष्कर्ष या सर्वांच्या आधीचे आहेत, आणि नेवाशाशी केलेली तुलना मागाहून इतरांनी केली. 'थापर १९६७' असे वाचणाऱ्याला कळेल की, लेखकापुढे मधल्या बारा वर्षांतील प्रगती होती. कोणी कोणापासून काय घेतले, कोणते मत आधी मांडले गेले, हे ठरविण्याचा आधारच वर्षाच्या चुकीच्या निर्देशाने ढासळतो. तेव्हा प्रकाशनाचे वर्ष हेच मुख्य वर्ष मानावे, अंकावरील वर्ष खंडांकासमवेत द्यावे, आणि उत्खननाचा हंगाम मजकुरात सांगावा, हा मार्ग निर्दोष होय.

स्थलनामाचाही प्रश्न येथे उद्भवतो. १८८० च्या गॅझेटिअरात हा प्रदेश अखंड खानदेश जिल्ह्यात आहे. १९०६ मध्ये जिल्ह्याची विभागणी झाल्यावर तो पश्चिम खानदेशात गेला. उत्खनन झाले तेव्हा तो मुंबई राज्यातील पश्चिम खानदेश जिल्हाच होता. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्याचे नाव धुळे झाले आणि १ जुलै १९९८ पासून शहादे तालुका नंदुरबार जिल्ह्यात आहे. गावाचे नाव मराठीत 'प्रकाशे' व 'प्रकाशा' असे दोन प्रकारे, तर इंग्रजीत अखेरचा स्वर गाळून लिहिलेले आढळते. मूळ शीर्षकातील नाव बदलण्याचा अधिकार संदर्भ देणाऱ्यास नाही. ते जसे छापले आहे तसेच द्यावे. आजचा जिल्हा सांगावयाचा तर तो आपल्या मजकुरात सांगावा. संस्थांच्या नावांसंबंधी हाच न्याय लागू होतो. या भागातील महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठाशी संलग्न होती; १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले व २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. १९८५ च्या प्रबंधावर आजच्या विद्यापीठाचे नाव घातल्यास तो प्रबंध कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही.

५. नाव आणि अंक

पाश्चात्त्य नियतकालिकांचे नियम 'आडनाव, मग आद्याक्षरे' असा क्रम गृहीत धरतात. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव ही मराठी रचना त्यात बरीचशी बसते. पण पूर्णपणे नव्हे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि निरुक्ताचे अभ्यासक वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे बंधू होते. मराठीत 'वि. का.' आणि 'वै. का.' असा भेद स्पष्ट राहतो. रोमन लिपीत दोघांचीही आद्याक्षरे एकच होतात. सूचीत दोघांचे ग्रंथ एका नावाखाली मिसळण्यास एवढे पुरे आहे. जेथे असा संभव असेल तेथे पूर्ण नाव देणे हाच उपाय होय. दक्षिणेत तर अनेकांना आडनावच नसते: रंगनाथन यांच्या नावातील पहिले अक्षर गावाचे, दुसरे वडिलांचे, आणि 'रंगनाथन' हे त्यांचे स्वतःचे नाव. नियम यंत्रवत लावण्यापूर्वी नावाची घडण पाहावी लागते.

अंकांच्या बाबतीत पुरुषोत्तमनगरच्या परिसरातील उसाचेच उदाहरण बोलके आहे. उसाच्या वाणाचे नाव हा एक प्रकारचा संदर्भच असतो. 'को ८६०३२' या नावातील 'को' हे कोइमतूरच्या संशोधन केंद्राचे द्योतक, ८६ हे वर्ष व पुढील अंक हा निवडीचा क्रमांक. पाडेगावच्या संशोधन केंद्राने दिलेल्या 'कोएम ०२६५' या वाणात ०२ म्हणजे २००२ हे वर्ष आणि ६५ हा क्रमांक. व्यवहारात हा वाण 'फुले २६५' म्हणून ओळखला जातो. शेतकऱ्याला त्यात अडचण नाही. परंतु संशोधनलेखात केवळ व्यवहारातील नाव दिले तर आरंभीचे शून्य गळते, आणि त्यासमवेत वर्षही हरपते. '२६५' हा क्रमांक वाचणाऱ्याला त्यात वर्ष दडले आहे याचा सुगावाही लागत नाही. एका शून्याची एवढी किंमत असू शकते.

इसवी २००० पासून निबंधांना कायम ओळखक्रमांक देण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था रूढ झाली आहे आणि संदर्भांची मांडणी संगणक क्षणार्धात करून देतो. विरामचिन्हांचे श्रम त्यामुळे वाचले. लेखांकामागील कल्पनाच, म्हणजे आवृत्ती व स्थान बदलले तरी न बदलणारा अंक ही कल्पनाच, या व्यवस्थेत नव्या रूपाने अवतरली आहे. तथापि, संगणक नोंदीचे रूप तपासतो, सत्य तपासीत नाही. चुकीचे वर्ष तो तितक्याच नीटसपणे मांडतो. शिवाय जुन्या मराठी पत्रिका, संस्थांची इतिवृत्ते व बाडे यांपैकी बहुतेकांना असा ओळखक्रमांक नाही. त्यांच्याबाबतीत सर्व भार अद्याप लेखकाच्या दक्षतेवरच आहे.

६. उपसंहार

संदर्भनिर्देशाच्या पद्धती अनेक आहेत आणि नियतकालिकागणिक त्या बदलतात. त्यांपैकी एखादीच खरी असे नाही. सर्वांमागील तत्त्वे मात्र थोडी व स्थिर आहेत. जे स्वतः पाहिले त्याचाच निर्देश करावा. दुसऱ्याच्या टिपेवरून घेतले असल्यास मूळ ग्रंथ आणि ज्याच्याकडून घेतले तो ग्रंथ असे दोन्ही सांगावेत. मूळ नाव, मूळ मिती व मूळ अंक बदलू नयेत. स्पष्टीकरण शेजारी द्यावे. आवृत्ती सांगावी. एका लेखात एकच पद्धत अखेरपर्यंत पाळावी. आणि लेख धाडण्यापूर्वी प्रत्येक नोंद मूळ ग्रंथ हाती घेऊन ताडून पाहावी.

ग्रँट डफच्या तळटिपांनी वाचकाला मुंबईपर्यंत नेले, पण कागद हाती दिला नाही. राजवाड्यांनी कागद छापून त्यावर अंक घातला. या दोहोंमधील अंतर हेच महाराष्ट्रातील संशोधनाच्या प्रौढत्वाचे एक माप होय. तापीकाठचा एखादा विद्यार्थी आज प्रकाश्याच्या मृत्पात्रांवर किंवा उसाच्या वाणांवर निबंध लिहितो, तेव्हा त्याची संदर्भसूची पन्नास वर्षांनंतरच्या वाचकाला त्याच पानापर्यंत, त्याच थरापर्यंत, त्याच वाणापर्यंत पोहोचवील की नाही, यावरच त्या निबंधाचे शास्त्रीयत्व ठरणार आहे.